संगणक बंद का होईना?

आमच्या शाळेत एक संगणक आहे. शाळा सुटताना तो बंद करण्याचे काम चौथीकडे असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने एक खोड धरली. 'शट डाउन' केले की पडद्यावर गोल चक्कर फिरू लागे आणि फिरतच राही. १५ मिनिटे झाली तरी बंद होईना.

एके दिवशी मला घाई होती. म्हशी आणायला जायचं होतं. मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला, पण आजीने सांगितलेल्या ११ ओव्या ज्या फाईलमध्ये मी टाईप केल्या होत्या, ती उघडेचना. मला रडू आलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी तो बंद कसा होतो ते समजून घे."

शाळा सुटायची घंटा झाली की आपण दप्तर भरतो. एखादा पेन्सिल शोधत बसला तर बाईंना कुलूप लावता येत नाही. संगणकाचेही तसेच. बंद करायला सांगितले की तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला 'आवरा' म्हणतो. ते आपली माहिती डिस्कवर लिहितात आणि मग निघतात. एक जण अडला तरी सगळे खोळंबते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर लिखाण अर्धवट राहते. माझ्या ओव्या तशाच गेल्या असाव्यात.

मग आम्ही शोध सुरू केला. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, असा बाईंचा नियम. म्हणजे दोष कशात ते कळते. पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह काढला. फरक नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले तर प्रिंटरच्या यादीत दोन पाने अडकलेली होती. ती रद्द केली. मला वाटलं, सापडला चोर! पण कुठलं काय, चक्कर चालूच. तिसऱ्या दिवशी शिफ्टचे बटण दाबून धरून 'शट डाउन' केले. शंभर मोजायच्या आत संगणक बंद!

बाईंनी कारण सांगितले. 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय असते. ती चालू असली तर संगणक पुरता बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावा म्हणून तो स्मृतीतला काही भाग डिस्कवर लिहून ठेवतो. आमचा तिथेच अडकत होता. शिफ्ट दाबले की ही सोय तेवढ्यापुरती वगळली जाते. बाईंनी कंट्रोल पॅनेलमधले पॉवर ऑप्शन्स उघडून त्या सोयीपुढची बरोबरची खूण काढून टाकली. आता संगणक सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात आमचा २९ चा पाढा होतो.

'अपडेट' चालू असून टक्के दिसत असतील तर मात्र थांबायचेच, मग म्हशी ओरडल्या तरी चालतील. फारच अडला तर संगणकाचे स्वतःचे बटण बंद होईपर्यंत दाबून धरायचे. पण त्यानेही लिखाण जाऊ शकते, म्हणून ते अगदी शेवटी आणि बाईंना विचारून.

आजीला बसवून मी ओव्या पुन्हा लिहून घेतल्या. ९ मिळाल्या, त्या खाली लावल्या आहेत. दोन तिला आठवत नाहीत.

इयत्ता ४ थी