स्मरणशक्तीची परीक्षा

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर खेळावयाचे काही छोटे खेळ आज विनामूल्य मिळतात. त्यांपैकी एका खेळात पडद्यावर क्षणभर काही आकडे झळकतात आणि लगेच नाहीसे होतात. ते त्याच क्रमाने पुन्हा लिहावयाचे असतात. चार आकडे सहज जमतात, पाच-सहाही जमतात. सात-आठ आकड्यांपाशी मात्र मन गोंधळून जाते. शेवटी गुण दिसतात. ज्याला अधिक गुण मिळतात, तो आपणास मोठा बुद्धिमान समजू लागतो, ज्याला कमी मिळतात, तो खिन्न होऊन म्हणतो, "माझी स्मरणशक्तीच मंद आहे!" या दोघांचेही म्हणणे खरे आहे काय? त्याचा निर्णय करण्यापूर्वी स्मरणशक्ती मोजण्याची कल्पना मुळात कशी निघाली, ते पाहिले पाहिजे.

धान्य तागडीने तोलता येते, कापड गजाने मोजता येते. परंतु माणसाची आठवण कशाने मोजावी? जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या विद्वानाने हे अवघड काम अंगावर घेतले. त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. 'गूप', 'बेफ' यांसारखे उच्चार असावेत, तसे ते होते. अर्थपूर्ण शब्द त्याने मुद्दाम टाळले. कारण असे शब्द जुन्या आठवणींशी चटकन जोडले जातात, आणि मग मोजमाप सारखे राहत नाही. या कामी त्याच्यापाशी दुसरा कोणी विद्यार्थी नव्हता. परीक्षक तोच आणि परीक्षार्थीही तोच! घड्याळाच्या टिकटिकीबरोबर तो अक्षरगटांची ओळ वाची आणि ती न चुकता म्हणता येईपर्यंत किती वेळा वाचावी लागली, त्याची नोंद ठेवी. असे कंटाळवाणे काम त्याने चिकाटीने केले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्याला काय आढळले? सात अक्षरगट एकदा वाचताच ध्यानात राहत. परंतु बारा गटांसाठी सोळा-सतरा वाचने लागत आणि चोवीस गटांसाठी तर चव्वेचाळीस! पाठ केलेले किती वेगाने विसरले जाते, हेही त्याने पाहिले. एका तासातच अर्ध्याहून अधिक श्रम वाया जात. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरे. मात्र महिना लोटल्यावरही सुमारे एक पंचमांश शिल्लक असे. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभी फार असतो आणि पुढे तो मंदावत जातो.

त्याच्या आणखी दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. बायरन या इंग्रज कवीची कडवी पाठ करताना त्याला निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एक दशांशच श्रम पडले. अर्थाचा आधार मिळाला की पाठांतर इतके सोपे होते! दुसरी गोष्ट अशी, की बारा गटांची एक ओळ एकाच दिवशी ६८ वेळा वाचल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ झाला, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ वाचनांनी झाला.

पुढे १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका लेखात असे दाखविले, की एका दमात साधारणपणे सातच्या आसपास घटक मनात धरता येतात. परंतु हा घटक लहान असावा की मोठा, हे आपल्या हाती असते. १८५७१९४७१९६० हे बारा आकडे सुटे सुटे वाचले, तर एकदम ध्यानात राहणे कठीण. तेच १८५७, १९४७ आणि १९६० असे वाचावेत. स्वातंत्र्यसमराचे वर्ष, स्वातंत्र्याचे वर्ष आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष! आता बारा घटकांचे तीनच घटक झाले. आकडे तेच राहिले. केवळ त्यांना अर्थ लाभला.

या युक्तीचे सामर्थ्य किती मोठे आहे, हे अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात दिसून आले. तेथील एका विद्यार्थ्याला आरंभी सातच आकडे आठवत. त्याने वीस महिन्यांत सुमारे २३० तास सराव केला आणि तो ७९ आकडे ओळीने म्हणू लागला! तो लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारा होता. म्हणून आकड्यांचे गट पाडून तो त्यांना धावण्याच्या वेळांचा अर्थ देई. हा वृत्तांत १९८० साली प्रसिद्ध झाला. मग त्याची स्मरणशक्ती दसपटीहून अधिक वाढली, असे म्हणावे काय? नाही. आकड्यांऐवजी अक्षरे देताच त्याला जेमतेम सहाच आठवली. वाढले होते ते आकड्यांच्या सरावातील कौशल्य.

ब्रिटनमध्ये इंटरनेटवरील खेळांचीही अशीच कसोटी घेण्यात आली. ११,४३० प्रौढ माणसांनी या प्रयोगात भाग घेतला. सहा आठवडे बुद्धीला व्यायाम देणारे खेळ खेळल्यावर त्या खेळांत त्यांची प्रगती झाली. परंतु ज्यांचा सराव केला नव्हता, अशा कसोट्यांत त्याचा विशेष उपयोग दिसला नाही. ही माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पडद्यावरील गुण त्या खेळापुरतेच असतात. त्या वेळी लक्ष किती एकाग्र होते आणि सराव किती होता, एवढेच ते सांगतात. त्यांवरून कोणी गर्व करू नये आणि कोणी निराशही होऊ नये.

तथापि परीक्षा ही गोष्टच निरुपयोगी, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली एक मोठी उपयुक्त गोष्ट दाखविली. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून झाल्यावर बाजूला ठेवला व आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांनीच त्यांना मागे टाकले. म्हणजे आठवून पाहण्याने स्मरण मोजले तर जातेच, शिवाय ते बळकटही होते.

पूर्वी महाराष्ट्रात दिवेलागणीच्या वेळी मुले परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी आणि श्लोक रोज थोडे थोडे, पुस्तक न पाहता म्हटले जात. एबिंगहाउसचे नावही त्या घरांत कोणास ठाऊक नव्हते. परंतु रोज थोडे करावे आणि न पाहता आठवावे, या दोन्ही गोष्टी त्या रिवाजात होत्या. त्याला अर्थ समजून घेण्याची जोड मिळाली, की अभ्यासात आणखी काय हवे? खेळ करमणुकीसाठी अवश्य खेळावेत. स्मरणशक्तीची खरी परीक्षा मात्र पुस्तक मिटल्यावर सुरू होते, आणि ती ज्याची त्याला रोज घेता येते.