खांद्याचा भार यंत्राच्या हातावर

फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा बांधकामावर काम करणारे अनेक कारागीर आमच्याकडे एकच तक्रार घेऊन येतात. खांदा भरून येतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गोळीने चार दिवस बरे वाटते. पुन्हा ग्राइंडर हातात आला की दुखणे हजर! असे का होते?

समजा, 5 किलोचे ड्रिल मशीन एका हाताने, हात लांब करून धरले. खांद्याच्या सांध्यापासून ते सुमारे 60 सेंटिमीटर दूर असते. पण हात उचलून धरणारा स्नायू सांध्यापासून जेमतेम 3 सेंटिमीटरवर ओढत असतो. म्हणजे त्याला वीसपट, अंदाजे 100 किलोचा जोर लावावा लागतो. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच! शिवाय सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. हात डोक्याच्या वर धरून काम केले, तर स्नायूची दोरी (कंडरा) हाडाखाली चेपते, सुजते आणि पुढे फाटूही शकते.

म्हणून खरा उपाय वजन दुसरीकडे सोपवण्याचा. मोटारींच्या कारखान्यांत नट आवळण्याची यंत्रे वरून स्प्रिंगच्या 'बॅलन्सर'ला टांगलेली असतात. यांत्रिक हात ही त्यापुढची पायरी. अमेरिकेतील कॅमेरामन गॅरेट ब्राऊन यांनी 1970 च्या दशकात जड कॅमेरा स्प्रिंगच्या हातावर तोलणारा 'स्टेडिकॅम' तयार केला. त्याच तत्त्वावरचे हात पुढे कारखान्यात ग्राइंडर आणि ड्रिल धरू लागले. स्प्रिंगचा ताण मशीनच्या वजनाइतका ठेवला की मशीन हवे तिकडे वळते आणि सोडले तरी तिथेच राहते. कारागिराने फक्त दिशा द्यायची.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वजन नाहीसे होत नाही. टेबलाला किंवा खांबाला बसवलेला हात ते जमिनीवर सोपवतो. अंगावर बांधायचा हात कंबरेवर आणि पायांवर टाकतो. कंबरदुखी असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच वापरावा. दुसरी, मशीनची थरथर हातात येतच राहते. तिने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. अमेरिकेतील डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 1918 साली दगड घडवणाऱ्या कामगारांची अशी पांढरी पडणारी बोटे तपासली होती.

लहान दुकानदारांनी काय करावे?

1) तुळईला मशीनच्या वजनाचा बॅलन्सर टांगावा, सोबत सुरक्षेची साखळी असावीच.

2) यांत्रिक हात असल्यास मशीन काढण्यापूर्वी तो लॉक करावा, नाहीतर ताणलेली स्प्रिंग त्याला उसळवते.

3) काम कंबर ते छातीच्या उंचीवर आणावे. उंचावर भोके पाडायची असतील तर परांची वाढवावी, हात नव्हे.

4) जड मशीनचे काम आळीपाळीने द्यावे. यंत्राने वजन घेतले म्हणून कामाचे तास वाढवू नयेत.

रात्री खांदा ठणकणे, हात वर न जाणे, बोटांना मुंग्या येणे किंवा गारठ्यात बोटे पांढरी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुकानातून आणलेल्या गोळीवर दिवस काढू नका. वेळीच दाखवा. कारखानदारांनाही विनंती, की मशीन बिघडले तर नवे मिळते. कारागिराचा खांदा बाजारात मिळत नाही, आणि त्याच खांद्यावर त्याचे घर चालते.