दुरुस्ती केली, पण का केली?



गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेचा निकाल बक्षीस समारंभानंतर बदलावा लागला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. गुणांची बेरीज करणारा प्रोग्राम आपल्याच संगणक वर्गातल्या मुलांनी लिहिलेला. ठरलेल्या वेळेपेक्षा कोणी जास्त बोलले तर तो दोन गुण कापतो. लहान गटातली एक मुलगी साडेपाच मिनिटे बोलली, तिचे दोन गुण गेले आणि पहिला क्रमांक हुकला. वास्तविक लहान गटाला सहा मिनिटे होती!

मग आम्ही गिटमधला इतिहास उघडून बसलो. गिट म्हणजे प्रोग्राममधला प्रत्येक बदल सांभाळून ठेवणारी व्यवस्था. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्याच कामासाठी तयार केली. बदल पक्का करून त्यात जमा करणे म्हणजे ‘कमिट’, आणि त्यासोबत आपण जो मजकूर लिहितो तो कमिट संदेश. आमच्यासमोर आलेले संदेश असे: ‘दुरुस्ती’, ‘पुन्हा दुरुस्ती’, ‘आता नक्की’. एका दादाने पाचाचे सहा केले होते. तो दहावी होऊन गेला. नंतरच्या ताईला नियमपत्रकात पाच दिसले, सहा चुकून पडले असतील असे वाटले, म्हणून तिने पुन्हा पाच केले. दोघांचाही हेतू चांगलाच. खरे सांगायचे तर चूक आम्हा शिक्षकांची. कमिट करायला शिकवले, पण सोबत काय लिहावे ते शिकवलेच नाही.

काय बदलले, कोणी बदलले, केव्हा बदलले हे गिट आपले आपण टिपून ठेवते. का बदलले, ते मात्र माणसानेच लिहायचे असते.

आपल्याकडे याचे एक जुने उदाहरण आहे. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत पुढे पाठभेद शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ती शुद्ध केली आणि शेवटी काही ओव्या जोडून साल, आपले नाव आणि कारणही नोंदवले: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी बिघडला म्हणून शोधून नीट केला. यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. ज्यांच्या घरी पारायण होते त्यांनी शेवटची पाने जरूर पाहावीत. नाथांजवळ गिट नव्हते, त्यामुळे नेमकी कोणती ओवी बदलली ते त्या नोंदीतून कळत नाही. आपली स्थिती उलटी! अक्षर न् अक्षर जपलेले, आणि कारण हरवलेले.

मग त्या दादाने काय लिहायला हवे होते? आम्ही वर्गात सगळ्यांनी मिळून लिहून पाहिले:

‘लहान गटाची वेळ ६ मिनिटे केली

पहिली ते चौथीची मुले श्लोक म्हणून सुरुवात करतात, म्हणून एक मिनिट जास्त देण्याचे परीक्षकांच्या बैठकीत ठरले. नियमपत्रकात अजून ५ छापलेले आहे. मोठ्या गटाची वेळ ५ मिनिटेच.’

पहिली ओळ शीर्षकासारखी, साधारण पन्नास अक्षरांत. इतिहासाची यादी पाहताना तेवढीच दिसते. मग एक ओळ कोरी आणि खाली कारण. शीर्षकात ‘आणि’ दोनदा आला तर समजावे की एका कमिटमध्ये दोन-तीन कामे कोंबली आहेत. ती वेगळी करावीत. रंग बदलला, बटण हलवले एवढ्यासाठी खाली परिच्छेद नको, शीर्षक पुरे. देवनागरीत लिहिले तरी गिटला चालते, उगाच मोडक्या इंग्रजीत लिहू नका. आणि शेवटच्या कमिटचा संदेश चुकला तर दुसऱ्यांकडे पाठवण्यापूर्वी बदलून घ्यावा. एकदा पाठवल्यावर त्याला हात लावू नये.

त्या मुलीला नवे प्रमाणपत्र मिळाले, पण टाळ्या मात्र दुसऱ्याच नावाला पडून गेल्या होत्या.

पुढच्या शनिवारी संगणक वर्गात येताना आपल्या जुन्या कामातले तीन संदेश वहीत उतरवून आणा. ते शेजारच्याला वाचायला द्या, आणि बदल का केला हे त्याला ओळखता येते का ते पाहा.