प्रमाणपत्रावरील तारीख : पॅरामेडिकची वार्षिक कौशल्यपरीक्षा

रुग्णवाहिका दाराशी येऊन थांबते, तेव्हा घरच्या मंडळींना एवढेच दिसते की, मदत आली. आलेल्या व्यक्तीने आपले शिक्षण केव्हा पूर्ण केले आणि तेव्हा शिकलेले तिच्या हातात आजही आहे की नाही, हे विचारण्याची ती वेळ नसते. म्हणून हा प्रश्न कोणीतरी आधीच, ठरलेल्या मुदतीने विचारून ठेवावा लागतो. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी रुग्णावर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यास पॅरामेडिक म्हणतात. त्याची वार्षिक परीक्षा व पुनर्प्रमाणन यांचे प्रयोजन हेच होय.

कौशल्य का झिजते?

नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे ही रोजची कामे सहसा विसरत नाहीत. परंतु बालकाचे हृदय बंद पडणे किंवा वाटेत प्रसूती अडणे असे प्रसंग एखाद्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला वर्षभरातही येत नाहीत. जे कौशल्य क्वचित लागते तेच लवकर झिजते आणि त्याच प्रसंगी चुकीची किंमत सर्वांत मोठी असते. छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याचे, म्हणजे सीपीआरचे, कौशल्य सराव नसल्यास प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच उणावू लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

दुसरे कारण शास्त्राच्या प्रगतीचे. छाती दाबण्याची ही पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. पुढे प्रौढ रुग्णासाठी १५ वेळा छाती दाबून २ वेळा श्वास देण्याचा पाठ रूढ झाला. २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे प्रमाण ३० ला २ असे केले. २०१० मध्ये श्वासाऐवजी छाती दाबण्यापासून आरंभ करावा, असे ठरले आणि २०१५ मध्ये दाबण्याची गती मिनिटास १०० ते १२० अशी निश्चित झाली. २००४ साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला कर्मचारी पुन्हा शिकला नसता, तर निष्ठेने जुनाच पाठ गिरवत राहिला असता.

ऑन्टॅरिओची पद्धत

या बाबतीत कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताची व्यवस्था अभ्यासण्याजोगी आहे. तेथे पॅरामेडिक औषधे देणे, विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणे इत्यादी उपचार करतो ते ‘बेस हॉस्पिटल’च्या वैद्यकीय संचालकाने दिलेल्या अधिकारान्वये. हा अधिकार टिकवण्यासाठी प्राथमिक श्रेणीच्या पॅरामेडिकला दरवर्षी किमान ८ तास व प्रगत श्रेणीच्या पॅरामेडिकला २४ तास पुढील शिक्षण घ्यावे लागते. ज्ञानाची व प्रत्यक्ष कौशल्याची तपासणी होते. त्यासाठी कृत्रिम प्रसंग उभा करून पॅरामेडिक काय करतो, हेही पाहिले जाते. सलग ९० दिवसांहून अधिक काळ रुग्णसेवेपासून दूर राहिल्यासही त्याची दखल घेतली जाते.

वर्षातून किमान १० रुग्णांची तपासणी व उपचार केलेले असावेत, असाही नियम आहे. विरळ वस्तीच्या भागात तेवढे रुग्ण मिळाले नाहीत तर? नियमाने त्याचीही सोय केली आहे. रुग्णालयातील अनुभव, जादा प्रशिक्षण किंवा कृत्रिम प्रसंगांचा सराव यांनी ती उणीव भरून काढता येते. जो उणा पडला, त्याला आधी शिकवले जाते. अधिकार काही काळ स्थगित झाला, तरी तयारी सिद्ध झाल्यावर तो पुन्हा मिळू शकतो.

तास आणि हात

अमेरिकेत १९७० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडे पॅरामेडिकला दर २ वर्षांनी ६० तासांचे शिक्षण दाखवावे लागते किंवा पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीचे नूतनीकरण दर २ वर्षांनी होते आणि त्या वेळी काही निवडक जणांकडून शिक्षणाच्या नोंदी मागवून तपासल्या जातात. परंतु वर्गातील हजेरी म्हणजे कौशल्य नव्हे. तास मोजणे सोपे असते. पुतळ्याची छाती योग्य खोलीपर्यंत दाबली गेली की नाही, हे मात्र कोणीतरी उभे राहून पाहावे लागते. परीक्षेचा खरा गाभा तोच आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावत आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने पॅरामेडिकला मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या सूचीत स्थान दिले आहे. रुग्णवाहिका किती आहेत, हा प्रश्न ग्रामसभेत सहज विचारला जातो. त्याच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारता येतील : कर्मचाऱ्यांचा शेवटचा प्रत्यक्ष सराव केव्हा झाला? तो कोणी तपासला? जे उणे पडले त्यांना पुन्हा शिकवण्याची काय तजवीज आहे?

हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. रात्री-अपरात्री धावणाऱ्या कर्मचाऱ्याला सरावासाठी वेळ, साधने आणि शिक्षक मिळणे हा त्याचाही हक्क आहे. परीक्षा शिक्षा ठरली की माणसे उणीव लपवू लागतात आणि लपवलेली उणीव शेवटी रुग्णाच्या वाट्याला येते. प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख हे त्या कर्मचाऱ्याला आणि रुग्णाला, दोघांनाही दिलेले आश्वासन आहे.