“अगं, आधी मोल काढ!” : मुले एकमेकांना रसायनशास्त्र शिकवतात तेव्हा

अकरावी सायन्सला आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मोल नवा नसतो. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात त्याची ओळख झालेली असते. पण आता पुस्तक इंग्रजीत. ‘अभिक्रियाकारक’ म्हणजेच ‘रिॲक्टंट’ आणि ‘संयुजा’ म्हणजेच ‘व्हॅलन्सी’ हे ध्यानात येईपर्यंत सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असतात. ऐंशी-शंभर मुलांच्या वर्गात हात वर करून “सर, समजलं नाही” म्हणणे सोपे नाही. मग मूल शेजारच्या मित्राला विचारते, तेही मराठीत.

शिक्षक आणि पालक म्हणून या कुजबुजीकडे आपण नीट पाहायला हवे. न समजलेले विचारायची बऱ्याच मुलांसाठी तेवढीच एक जागा असते.

मदत दोन प्रकारची

पहिल्या प्रकारात मित्र वही पुढे करतो, “हे घे, उतरव.” किंवा रात्री सोडवलेल्या गणिताचा फोटो मोबाईलवर येतो. वही पूर्ण होते, पण डोक्यातली अडचण तशीच राहते. दुसऱ्या प्रकारात मित्र विचारतो, “तू कसं केलंस ते सांग आधी.” या एका वाक्याने सगळा फरक पडतो. खालचे उदाहरण बघा.

एक गणित, तीन उत्तरे

प्रश्न : १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून जास्तीत जास्त किती ग्रॅम पाणी तयार होईल?

(हायड्रोजनचे २ मोल + ऑक्सिजनचा १ मोल → पाण्याचे २ मोल. रेणुवस्तुमाने : हायड्रोजन २, ऑक्सिजन ३२, पाणी १८.)

वर्गात हमखास तीन उत्तरे येतात.

१) ७४ ग्रॅम. या मुलाने दोन्ही वस्तुमानांची सरळ बेरीज केली. वस्तुमान अक्षय्य असते हा नियम त्याला आठवला, पण सगळेच पदार्थ वापरले जातील असे त्याने धरले.

२) ९० ग्रॅम. हा म्हणतो, “हायड्रोजन १० ग्रॅमच आहे, म्हणजे तोच कमी, तोच आधी संपणार.” त्याने ग्रॅमची तुलना केली. पण ९० ग्रॅम पाण्याला ८० ग्रॅम ऑक्सिजन लागेल, तेवढा आहे कुठे?

३) ७२ ग्रॅम. हे बरोबर. हायड्रोजन १० ÷ २ = ५ मोल, ऑक्सिजन ६४ ÷ ३२ = २ मोल. २ मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन पुरतो. ऑक्सिजन आधी संपतो, म्हणून तोच लिमिटिंग रिएजंट. पाणी ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम. उरला १ मोल हायड्रोजन, म्हणजे २ ग्रॅम. ७२ आणि २ मिळून ७४, म्हणजे पहिल्या मुलाचा नियमही इथे खरा ठरला!

चुकीच्या दोन्ही उत्तरांमागे काहीतरी विचार आहे. मित्राने नुसते “७२ लिही” सांगितले, तर तो विचार बाहेर येत नाही आणि परीक्षेत पुन्हा तीच चूक होते.

मुलांची उपमा आणि तिची मर्यादा

मुले समजावताना उपमा देतात, आणि त्या छान असतात. दोन मैत्रिणींचा संवाद साधारण असा होतो :

“अगं, ग्रॅम बघू नकोस, आधी मोल काढ. पावभाजी समज. एका प्लेटला २ पाव आणि १ वाटी भाजी. तुझ्याकडे ५ पाव, २ वाट्या भाजी. किती प्लेटी?”

“दोन. एक पाव उरला.”

“मग आधी काय संपलं?”

“भाजी! म्हणजे ऑक्सिजन संपला. पाव जास्त आहेत म्हणून काय झालं!”

इथे ‘लिमिटिंग’ शब्दाचा अर्थ मुलीला स्वतः सापडला. पण ती पुढे म्हणते, “म्हणजे पाणी २ मोल, ३६ ग्रॅम!” कारण प्लेटी दोनच झाल्या. उपमा इथे तोकडी पडते. पावभाजीत २ पाव आणि १ भाजी मिळून १ प्लेट होते, अभिक्रियेत मात्र २ मोल हायड्रोजन आणि १ मोल ऑक्सिजन मिळून २ मोल पाणी होते. काय आधी संपेल हे उपमा सांगते. किती तयार होईल ते मात्र संतुलित समीकरणालाच विचारायचे. शिक्षकाने नेमके इथे थांबून विचारावे, “तुमची पावभाजी कुठपर्यंत चालते, आणि कुठे थांबते?”

समजावणाऱ्या मुलीचाही यात फायदा आहे. स्वतःच्या शब्दांत सांगताना आपल्याला कुठे नीट समजले नव्हते, हे तिला तिथल्या तिथे कळते.

वर्गात कसे करावे?

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत पुढे आणली. १९९७ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तकही आले. तिच्या पायऱ्या आपल्या वर्गात सहज जमतात, आणि त्यासाठी महागडे साधन लागत नाही.

• फळ्यावर एक प्रश्न आणि त्याचे तीन-चार पर्याय लिहा.
• प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर वहीत लिहावे. ही पायरी गाळली तर हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.
• बोटांनी पर्याय दाखवायला सांगा. बरोबर उत्तर अजून सांगू नका.
• वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याशी तीन मिनिटे बोलू द्या. भाषा कोणतीही चालेल, मराठी, हिंदी, मिसळलेली इंग्रजी.
• पुन्हा बोटे दाखवायला सांगा आणि मग शिक्षकाने स्पष्टीकरण द्यावे. सगळ्यांनीच चुकीचा पर्याय धरला असेल, तर चर्चेतून चूकच पक्की होते. त्यामुळे शेवटचा शब्द शिक्षकाचा हवा.

मदत करणाऱ्या मुलांना तीनच नियम सांगा : पेन समोरच्याच्या हातात राहील, आधी “तू कसं केलंस?” विचारायचे, आणि “इतकं सोपं येत नाही?” असे कधीही म्हणायचे नाही.

मराठीत समजले की पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा असतो. म्हणून जोडीने शेवटी तेच उत्तर दोन इंग्रजी वाक्यांत लिहावे. दोन्ही भाषांतील शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानावर वाढवत न्यावी.

पालकांसाठी

“दुसऱ्यांना शिकवण्यात वेळ घालवू नकोस, स्पर्धा आहे” असे घरात सहज बोलले जाते. सीईटी, नीटची धास्ती आम्हीही समजू शकतो. पण मित्राला मोल समजावताना तुमच्या मुलाचीच उजळणी होत असते. मूल मदत घेणारे असेल, तर “गृहपाठ झाला का?” याऐवजी “मित्राने काय समजावलं, मला सांग बघू” असे विचारा. तुम्हाला रसायनशास्त्र यायलाच हवे असे नाही. मूल जिथे अडखळेल, तिथे अजून काम बाकी आहे.

जोडीने सोडवा

५६ ग्रॅम नायट्रोजन आणि ९ ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया तयार होईल? (नायट्रोजनचा १ मोल + हायड्रोजनचे ३ मोल → अमोनियाचे २ मोल. रेणुवस्तुमाने : २८, २, १७.)

उत्तर : ५१ ग्रॅम. १४ ग्रॅम नायट्रोजन उरतो.

पाण्याच्या गणितानंतर काही मुले “वजनाने जास्त तेच आधी संपतं” असा नवाच नियम करून बसतात. इथे वजनाने कमी असलेला हायड्रोजनच आधी संपतो. उत्तर देण्याआधी दोघांनी एकमेकांना एवढेच विचारावे : “तू मोल काढलेस का?”