कॉन नावाचा फोल्डर, बुशचं गुपित आणि आजीच्या ओव्या

आमचा दादा २००८ साली इंजिनिअर झाला. त्याच्या जुन्या वहीत मला एका फॉरवर्ड मेलची प्रिंट सापडली. त्या काळी असे मेल फार फिरायचे म्हणे, दहा जणांना पाठवा नाहीतर पेपर अवघड जाईल वगैरे! या मेलमध्ये तीन 'जादू' होत्या. जादू नंबर एक: एका भारतीयाने शोध लावला आहे की विंडोजमध्ये 'कॉन' नावाचा फोल्डर कुणालाच करता येत नाही, आणि का ते खुद्द बिल गेट्सलाही सांगता आलं नाही. जादू नंबर दोन: नोटपॅड उघडा, 'बुश हिड द फॅक्ट्स' हे इंग्रजी वाक्य टाइप करा, सेव्ह करा, बंद करा, परत उघडा. वाक्य गायब आणि त्या जागी चौकोन! जादू नंबर तीन वर्डमधली होती. ती सोडून देऊ, कारण ती जादू नव्हे, नमुन्याचा मजकूर आपोआप भरायची ती एक साधी सोय आहे.

आमच्या हॉस्टेलवर विंडोजवाले आणि लिनक्सवाले असे दोन पक्ष आहेत. (मॅकवाला एकच, आणि तो दोन्ही पक्षांना चहा पाजतो.) अशी प्रिंट हातात पडल्यावर लिनक्सवाले किती खूश झाले असतील ते सांगायला नको. पण प्रत्येक जोकच्या मागे काहीतरी कारण असतंच, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात ते सरळ मिळत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कॉन. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन. १९७४ च्या सुमारास गॅरी किल्डालने सीपी/एम ही सिस्टिम लिहिली. तिच्यात यंत्रांना अशी छोटी नावं होती. एमएस-डॉसने १९८१ साली तीच पद्धत उचलली: कॉन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर, एनयूएल म्हणजे जिथे टाकलेलं कुठेच जात नाही ती जागा. 'कॉपी कॉन' म्हणून पुढे फाइलचं नाव दिलं की कीबोर्डवर टाइप केलेलं थेट फाइलमध्ये जायचं. आता गंमत बघा. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता! तो आला १९८३ साली, दुसऱ्या आवृत्तीत. तोवर लोकांचे प्रोग्रॅम ही नावं वापरत होते, ते मोडायचे नाहीत म्हणून ठरवलं की कुठल्याही फोल्डरमध्ये उभे राहा, कॉन म्हटलं की कन्सोलच. म्हणजे कॉन प्रत्येक फोल्डरमध्ये आधीपासून हजर आहे, मग नवा कसा करणार? गेट्ससाहेबांना हे न कळण्यासारखं काही नव्हतं, ते कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ही नावं आजच्या विंडोजमध्येही राखीव आहेत.

पण याच कॉनने एकदा खरोखर पंचाईत केली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये 'कॉन'च्या आत 'कॉन' असा पत्ता उघडायला सांगितला की संगणक निळा पडून कोसळायचा. तो पत्ता वेब पेजमध्ये किंवा ईमेलमध्ये लपवून पाठवता यायचा. मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यावर पॅच काढावा लागला. फॉरवर्ड मेलमध्ये मात्र याचा पत्ता नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे. लिनक्सवाल्यांचा आवडता जोक म्हणजे विंडोज ९५ मध्ये ४९.७ दिवसांचा बग होता, आणि तो चार वर्षं कुणाला सापडला नाही, कारण तेवढे दिवस न कोसळता चाललेलं विंडोज कुणी पाहिलंच नव्हतं! बग खरा आहे, १९९९ साली तो उजेडात आला. सिस्टिम सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ती ३२ बिटांत मोजायची. दोनचा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्याला दिवसाच्या ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागा, उत्तर ४९.७. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर आणि संगणक ठप्प. आमच्या गावाला या बगची भीती कधीच नव्हती. भारनियमनाच्या काळात सलग ४९ तास वीज टिकली तरी लोक पेढे वाटतील अशी स्थिती होती!

पण लिनक्सवाल्यांनो, जास्त हसू नका. तुमच्या २.४ च्या कर्नलमध्येही ३२ बिटांचाच मोजणारा होता. तो मिलिसेकंदाऐवजी सेकंदाचा शंभरावा भाग मोजायचा, म्हणजे दहापट सावकाश. म्हणून तो ४९७ दिवसांनी शून्यावर यायचा. सर्व्हर कोसळत नसे, पण 'माझा सर्व्हर दीड वर्ष बंद पडला नाही' असं सांगणाऱ्याच्या स्क्रीनवर एका सकाळी 'चालू होऊन ० दिवस' असं दिसायचं. पुढे २.६ मध्ये ते सुधारलं. आणि १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटांनी जुन्या ३२ बिटांच्या युनिक्स घड्याळांची मोजणी संपणार आहे, ते वेगळंच.

लिनक्समध्ये शब्दच असे की जोक करावे लागत नाहीत. पालक मुलाला 'किल' करतो, पोरका झालेल्याला 'इनिट' दत्तक घेतो, आणि 'झॉम्बी' नऊ नंबरचं किल देऊनही मरत नाही. सरांनी झॉम्बी शिकवला तेव्हा वर्गात कुणालाच नीट कळला नाही. मला कळला, कारण मी नरसिंहपूरचा. एका अंगाने भीमा, दुसऱ्या अंगाने नीरा, पुणे जिल्ह्याचं अगदी शेवटचं टोक, नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. संगमावर दहाव्याला माणसं येतात. गेलेला गेलेलाच असतो, पण मागच्यांनी विधी केल्याशिवाय तो सुटला असं मानत नाहीत. झॉम्बी प्रोसेस अगदी तशीच. काम संपलंय, मेमरी सोडलीय, फक्त यादीत नाव राहिलंय. पालक प्रोसेसने 'वेट' म्हणून तिचा शेवटचा निरोप घेतला की नाव निघतं. मेलेल्याला पुन्हा मारून काय उपयोग? पालकच गेला तर इनिट तिला दत्तक घेऊन विधी उरकतो. (हे उत्तर मी तोंडी परीक्षेत दिलं. बाहेरून आलेले सर हसले, मार्क चांगले पडले.)

गावचाच आणखी एक दाखला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली कर्नल लिहिला, आणि दोन्ही मिळून जे झालं त्याला सगळे नुसतं लिनक्स म्हणतात. 'जीएनयू/लिनक्स म्हणा' असा स्टॉलमन यांचा आग्रह आहे. आमच्याकडे नीरा-भीमेचा संगम झाला की पुढच्या नदीला भीमाच म्हणतात. नीरेने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही!

माझ्या लॅपटॉपवर मात्र संगमच आहे, म्हणजे ड्युअल बूट. त्यात एक खास भारतीय विनोद होतो. विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स बहुधा ग्रीनिचची. मग लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे! इंग्लंडमधल्या पोरांना अर्धं वर्ष हा फरक कळतही नसेल.

आता बुशचं गुपित. याला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण याचा संबंध आमच्या घरापर्यंत येतो. आमच्या लॅबमध्ये नेट न जोडलेला एक जुना एक्सपीचा पीसी आहे, त्यावर करून बघितलं. खरंच चौकोन येतात. पण इंग्रजीत 'धिस ॲप कॅन ब्रेक' लिहिलं तरीही येतात, तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष यात कुठे नाही. दोन्ही वाक्यांत शब्दांची अक्षरं ४, ३, ३, ५ आहेत. स्पेस धरून १८ बाइट. फाइलमध्ये नुसते आकडे असतात, ते कुठल्या लिपीचे हे फाइलवर लिहिलेलं नसतं. नोटपॅड अंदाज बांधायचा: हे एकेका बाइटचं इंग्रजी आहे, की दोन-दोन बाइटचं युनिकोड? वरच्या रचनेत स्पेस दरवेळी जोडीच्या पहिल्या जागी पडते, आणि दुसऱ्या जागी छोटं इंग्रजी अक्षर. अशा जोड्यांचे आकडे नेमके चिनी अक्षरांच्या पट्ट्यात बसतात. नोटपॅड म्हणायचं, ही तर नऊ चिनी अक्षरं! आणि चिनी फॉन्ट नसला की चौकोन. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, हा घोळ होत नाही.

तर, आमच्या नानांनी (माझे चुलते) २००३ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या विंडोज ९८ वर टाइप करून ठेवल्या होत्या. आजी म्हणायची, नाना टाइप करायचे. १४३ ओव्या. आजी २०११ साली गेली. मागच्या दिवाळीत नानांच्या जुन्या सीडीवरून ती फाइल मी माझ्या लॅपटॉपवर घेतली, तर सगळं इंग्रजी अक्षरांचं आणि टिंबं-डॅशचं कडबोळं! घरात निकाल लगेच लागला: "तू ते लिनक्स घातलंस ना, त्यानंच घाण केली." मी विंडोजवर उघडून दाखवली. तिथेही तेच कडबोळं.

कारण असं. विंडोज ९८ ला देवनागरी येतच नव्हती. विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० पासून, आणि लिनक्ससाठी रेड हॅटने लोहित फॉन्ट २००४ साली खुले केले. त्याआधी मराठी टाइप करायची म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या नंबरांवर मराठी आकार चिकटवलेला फॉन्ट घ्यायचा. फाइलमध्ये इंग्रजीच, फॉन्टचा मुखवटा मराठी. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. नानांचं सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय चालत नसे, आणि तो डोंगल जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता.

वाचवलं एका कागदाने. ट्रंकेत १४ ओव्यांची डॉट मॅट्रिक्स प्रिंट निघाली. त्याच १४ ओव्या फाइलमध्ये शोधायच्या आणि कुठला आकडा म्हणजे कुठला आकार हे जुळवत जायचं, शाम्पोल्यॉंने १८२२ साली रोझेटा शिळेवरून केलं तसं. (त्याला जास्त वर्षं लागली, मला चार रात्री.) तक्ता झाल्यावर वाटलं, आता पायथनमध्ये शोधा आणि बदला, पाच मिनिटांचं काम. पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहिताना जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'सूर्य' मधला रफार जुन्या फाइलमध्ये य नंतर, युनिकोडमध्ये य च्या आधी. 'ग' म्हणजे एक अर्धा ग आणि एक काना, असे दोन आकडे. मग 'गा' म्हणजे अर्धा ग आणि दोन काने! नियमांचा क्रम चुकला की 'गंगा'चं काहीही होतं.

आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो आडवा र! हिंदीत तो लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये तो वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि नुक्ता, किंवा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. दिसायला तिन्ही एकच. लिनक्स आणि विंडोज मात्र नुसते आकडे बघतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या' नावाच्या तीन फाइली सुखाने नांदू शकतात. नावात लहान-मोठं अक्षर वेगळं मानतं म्हणून लिनक्सला हसणाऱ्या विंडोजवाल्याने हे करून बघावं. मी पहिली रीत धरली आणि सगळीकडे तीच ठेवली, नाहीतर शोधताना ओवी असून सापडत नाही.

१३४ ओव्या नीट आल्या. ९ ओव्यांत असे आकडे होते जे प्रिंटमध्ये कुठेच नव्हते. त्या मी आईला वाचून दाखवल्या, अडलो तिथे थांबत. तिने चालीवर म्हणत म्हणत सहा भरून दिल्या. दोन टेंभुर्णीच्या मावशीने फोनवर सांगितल्या. त्यातल्या एकीत आईचा शब्द निराळा आणि मावशीचा निराळा निघाला, आणि दोघी आपापल्या जागी ठाम. मी दोन्ही पाठ ठेवलेत.

एक ओवी राहिली आहे. तिच्या तिसऱ्या शब्दातले दोन आकडे अजून उलगडले नाहीत, म्हणून ते कंसात तसेच ठेवलेत. मूळ फाइलही जपून ठेवली आहे. कॉलेजात कुणाच्या घरी २००० च्या आसपासचं, डोंगल लावून चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलसकट पडून असेल, तर त्याने मला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात गाठावं. विंडोजवाला असला तरी चालेल.