फादर स्टीफन्स यांचे धर्मपाठ

कॅथॉलिक धर्माची मूलतत्त्वे आमच्या पूर्वजांना कोणत्या भाषेत शिकविली गेली? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातील जेजुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. मुलांना व नवदीक्षितांना समजावे म्हणून त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप पुस्तिका रचली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापली गेली.

त्यातील काही पाठ असे : क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार व दहा आज्ञा. ईश्वर एकच, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती त्या एका ईश्वराच्याच ठायी आहेत, येशू हा तारणारा, आणि ईश्वरावर व शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे त्यांचे सार होय.

हीच कथा त्यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) मराठी ओव्यांत विस्ताराने गायिली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने कोकणी सोडून देण्याचा हुकूम काढला. तरी आम्हां कोकणीभाषकांच्या घरांतील प्रार्थना त्याच भाषेत टिकल्या.

हिंदी प्रदेशात मराठी जपणाऱ्या तिगावच्या मुलांनो, धर्म कोणताही असो, अंतःकरणापर्यंत पोचण्याची वाट मायबोलीतूनच जाते, हे विसरू नका.